सिस्टर सुट्टीवर आहेत

“कोण म्हणालं?”

आमच्या सिस्टरचा हा प्रश्न ठरलेला. मान वर न करता विचारायच्या. हातात गॉजचे तुकडे, त्यांच्या घड्या घालणं चालूच. कुणी म्हणावं, सिस्टर, आज फार दमलात, जरा टेका. की लगेच, कोण म्हणालं? एखादी सासू म्हणाली की आमच्यात बाळंतिणीला पाणी देत नाहीत, तर कोण म्हणालं? आणि लेबर रूममध्ये एखादी पोर रडकुंडीला येऊन म्हणायची की मला नाही जमणार हे, तेव्हाही तोच प्रश्न. पण अगदी हळू, तिच्या कानाशी, तिच्या कपाळावरचा हात न उचलता.

मी त्या मॅटर्निटी होममध्ये रिसेप्शनला होते. मीरा रोडला, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून केलेला दहा खाटांचा दवाखाना. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. परळची खोली सोडून आम्ही नुकतेच इकडे राहायला आलो होतो, माझी मुलगी बालवाडीत होती, आणि घरापासून चालत जाण्याजोगी नोकरी मिळाली म्हणून मी खूश होते.

पहिलं वर्षभर सिस्टरांनी मला नावाने हाक मारली नाही. रिसेप्शन म्हणायच्या. “रिसेप्शन, तीन नंबरच्या नवऱ्याला सांग, केळी नकोत, डाळिंब आण.” मग एकदा मी अंगात ताप असताना कामावर आले. त्यांनी मनगट धरलं, मला रिकाम्या खाटेवर झोपवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीत जाऊन फोन घेत बसल्या. फोन उचलला की हॅलो म्हणत नव्हत्या. थेट विचारायच्या, कितवा महिना? औषध कंपनीच्या एका माणसालाही त्यांनी तेच विचारलं. त्याने फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वैशाली झाले.

बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढरी साडी, पदराला पिनेने अडकवलेलं घड्याळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीतून त्या नर्सिंग शिकायला मुंबईला आल्या, तेव्हा वाडीतली एकही मुलगी सातवीच्या पुढे गेलेली नव्हती. आमच्या मॅडमनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला त्या दिवसापासून त्या तिथे होत्या. मॅडम उघडच सांगायच्या की सुरुवातीची दोन वर्षं मी हिच्याकडून शिकले. पेशंट तर डॉक्टरांना कमी आणि सिस्टरांना जास्त ओळखायचे. त्यात सगळे होते. मारवाडी, गुजराती, यूपीवाले, नयानगरच्या बुरख्यातल्या बायका, उत्तनकडच्या कोळणी. सिस्टर सगळ्यांशी आपल्या कोकणी वळणाच्या हिंदीत बोलायच्या आणि सगळ्यांना ते कळायचं.

एकदा एका सासूने लेबर रूमच्या दाराशी त्यांना अडवून विचारलं, लडका हुआ या लडकी? सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पहले पूछो, बहू कैसी है. फिर बताऊँगी.” सासूने विचारलं. तरी सिस्टरांनी लगेच सांगितलं नाहीच. आधी सुनेला कसं वाटतंय ते सविस्तर, टाक्यांसकट ऐकवलं.

त्यांच्या यजमानांची गोष्ट त्यांनी मला दुपारी डबा खाताना सांगितली. ते एका कंपनीत टाइमकीपर होते. चौतीस वर्षं. अठ्ठावन्न पुरी झाली त्या संध्याकाळी हार, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. सिस्टरांना वाटलं, दोन दिवस सवयीने करतील. ते अकरा महिने तसेच बसले. कधी डब्याची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. आजार म्हणावा असा काही नव्हता. बाराव्या महिन्यात गेले.

“माणसाला असं एका दिवसात बंद करतात का गं?” त्या म्हणाल्या. “नळ आहे का तो?”

त्यांनी स्वतःसाठी काय ठरवलं ते त्यानंतर सांगितलं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्यांचा वाढदिवस एक जून. गुरुजींनी अर्ध्या वाडीचा एक जूनच टाकला होता. येत्या एक जूनला त्यांना अठ्ठावन्न पुरी होत होती. औषध कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान त्यांनी उलटं करून घेतलं होतं आणि पाठीमागे पेनने लिहिलं होतं. पहिलं वर्ष, रात्रपाळी बंद, बाकी सगळं चालू. दुसरं वर्ष, आठवड्याला चार दिवस. तिसरं वर्ष, दोन दिवस. त्यापुढे, काही नाही. खाली आणखी एक ओळ होती. या तीन वर्षांत तीन मुली तयार करणे.

ते पान घेऊन त्या मॅडमकडे गेल्या. मॅडमनी दोनदा वाचलं. मला आठवतं, कारण दार उघडं होतं आणि मी रजिस्टर घेऊन बाहेर उभी होते. मॅडम म्हणाल्या की हे मला स्वतःसाठी का सुचलं नाही. मग म्हणाल्या, माझा शब्द आहे, जसं लिहिलंय तसंच होईल. कागदावर सही वगैरे कुणी केली नाही. वीस वर्षं एकत्र काम केलेल्या दोन बायकांना त्याची गरज वाटली नाही. आज मला त्या दोघींचा नाही, पण त्या न केलेल्या सहीचा राग येतो.

पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं. तीनपैकी दोन मुली मिळाल्या आणि शिकवणं सुरू झालं. शिकवण्याची पद्धत कडक. आधी पोटावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आत बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगायचं. मशीन नंतर. एक मुलगी हात ठेवण्याआधीच सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचायला गेली, तर सिस्टरांनी रिपोर्ट काढून घेऊन स्वतःच्या पदराखाली धरला. ती मुलगी आज ठाण्यात मोठ्या ठिकाणी लेबर रूमची इन्चार्ज आहे. अजून डोळे मिटते म्हणाली.

दुसऱ्या वर्षी चार दिवस झाले. पहिल्या सुट्टीच्या सोमवारी साडेनऊला दार उघडून सिस्टर आत आल्या आणि पेशंटच्या बाकावर येऊन बसल्या. साधी पातळ साडी, हातात पर्स. मी विचारलं, तुम्ही आज कशा? म्हणाल्या, काम करायला नाही आले, न करण्याची सवय लावतेय, तू मला उठवू नकोस. तासभर बसल्या. लेबर रूमकडून आवाज आला की त्यांचे पाय हलायचे, पण उठल्या नाहीत. मग घरी गेल्या.

हळूहळू जमलं. पेणकरपाड्याच्या खोलीतून त्या निघायच्या आणि येईल त्या बसमध्ये चढून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायच्या. वीस वर्षं या गावात राहून मी दवाखाना आणि घर याशिवाय काही पाहिलं नाही, म्हणायच्या. वरसाव्याला पुलाजवळ उतरून खाडी बघून आल्या. चौक नावाच्या कोळीवाड्यात गेल्या आणि तिथे बोंबील वाळत घालणारी एक कोळीण यांना बघून धावत आली. हिचं पहिलं बाळंतपण सिस्टरांनी केलं होतं. तिने घरी नेऊन जेवायला घातलं. नंतर दर पंधरवड्याला चौकची फेरी ठरली. मंगळवारी येऊन मला सांगायच्या, तिथल्या बायका “न्हाय न्हाय” म्हणत कशा भरभरून वाढतात. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच विश्रांती बघत होते. तिचा त्यांना कंटाळा येत नव्हता, कारण परत यायला जागा होती. हे इतकं साधं आहे. आणि ते कुणाला समजावून सांगावं लागतं याचाच मला संताप येतो.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मॅडमना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना त्यांच्या मुलाकडे आला.

त्याला मी वाईट म्हणणार नाही, कारण मग ते फार सोपं होईल. तो हसतमुख होता. आवाज कधी चढवला नाही. शाळेत असताना दुपारी दवाखान्यात येऊन सिस्टरांच्या डब्यातली भाकरी खाणारा तोच हा, त्यांना आंटी म्हणणारा. सिस्टर त्याला अरे-तुरे करायच्या. ज्या दिवशी तो मॅडमच्या खुर्चीत बसला, त्या दिवसापासून त्या त्याला साहेब आणि तुम्ही म्हणू लागल्या. त्याने त्यांना, पूर्वीसारखं म्हणा, असं एकदाही सांगितलं नाही.

चार महिन्यांत आम्ही नव्या जागेत गेलो. तीन मजले, काचेचा दर्शनी भाग, लॉबीत कारंजं. मला निळा कोट आणि चाकांची फिरती खुर्ची मिळाली. एक मॅनेजर आला. त्याने सगळ्यांच्या पाळ्यांचा तक्ता केला आणि त्यात चार दिवस काम करणाऱ्या बाईसाठी रकानाच नव्हता.

सिस्टरांना बोलावलं तेव्हा आम्ही सगळा स्टाफ मीटिंगसाठी तिथेच होतो. साहेब म्हणाले, आंटी, दोनच पर्याय आहेत. एक तर फुल टाइम, रात्रपाळ्यांसकट, सगळ्यांसारखं. नाहीतर आता आराम करा, तुम्ही खूप केलंत, तुमचा हक्क आहे तो.

सिस्टरांनी पर्समधून ते कॅलेंडरचं पान काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. टेबलावर पसरलं आणि म्हणाल्या, “आराम मी ठरवलाय, साहेब. कधी आणि किती, ते लिहिलंय. मॅडमनी शब्द दिलाय.”

साहेबांनी ते पान वाचलं आणि ते हसले. चेष्टेने नाही, कौतुकाने, लहान मुलाने काढलेलं चित्र बघावं तसं. सो स्वीट, म्हणाले. मग म्हणाले की मम्मीचा शब्द पर्सनल होता, आता सिस्टीम आहे. आणि पुढे, मॅनेजरकडे वळून, पण सिस्टरांसमोरच, की त्यांनी स्वतःच दिवस कमी करून मागितलेत, म्हणजे आता झेपत नाही हे त्या स्वतःच म्हणतायत.

मी जे बघितलं ते तुम्हालाही दिसावं म्हणून सांगते. एका बाईने आपली शक्ती नीट मोजून, पुरवून वापरायची ठरवली होती. तिचा तो शहाणपणा तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. ती गप्प राहून ओढत राहिली असती, एखाद्या दिवशी लेबर रूममध्ये कोसळली असती, तर तिला निष्ठावान म्हटलं असतं. तिने आधी सांगितलं, म्हणून ती निकामी ठरली. आणि त्या खोलीत आम्ही अकराजण होतो. कुणी एक शब्द बोललं नाही. त्या अकरांत मी होते.

सिस्टरांनी मॅनेजरला एवढंच विचारलं की तिसरी मुलगी नुकतीच मिळालीय, शिकतेय, तिचं काय. मॅनेजर म्हणाला, नोटिशीचे दोन महिने आहेत ना, पूर्ण करा. आणि त्यांनी खरंच पूर्ण केलं. दोन महिने, आठवड्याचे चार दिवस, त्या आल्या, त्या पोरीला हात ठेवायला शिकवलं, एकही दिवस चुकवला नाही. मी त्यांच्या जागी असते तर घरी बसले असते. त्यांना ते सांगितलं, तर म्हणाल्या की यात त्या पोरीचा काय दोष, आणि तिच्या हाताखाली येणाऱ्या बायकांचा काय.

निरोप समारंभ करायचं काम माझ्याकडे आलं. शाल आणली, श्रीफळ आणलं, बॅनर छापून घेतला. मॅनेजर म्हणाला, बाळ घेतलेला सिस्टरांचा एखादा छान फोटोही काढून घ्या. एक फोटोग्राफर आला, सिस्टरांच्या हातात पाच नंबरच्या बाईचं बाळ दिलं. त्यांना वाटलं, आठवणीसाठी. मलाही तसंच वाटलं. बाळ हातात आल्यावर त्या कॅमेऱ्याकडे बघायच्याच नाहीत, बाळाकडेच बघत राहिल्या, म्हणून तो फोटो फार सुंदर आला.

समारंभाला त्या आल्या नाहीत. म्हणजे आल्या, पण वर, वॉर्डमध्ये. खाली लॉबीत खुर्ची मांडलेली, साहेब हार घेऊन उभे. मी वर बोलवायला गेले तर त्या एका बाळंतिणीला छातीशी बाळ कसं धरायचं ते दाखवत होत्या. म्हणाल्या, माझी ड्युटी सहापर्यंत आहे. सहाला खाली उतरल्या, रजिस्टरमध्ये सही केली आणि खुर्चीच्या बाजूने निघून गेल्या. शाल दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आयाबाईला दिली.

महिनाभराने लॉबीत फोटो लागला. मोठी फ्रेम, रिसेप्शनच्या बरोबर मागे, माझ्या डोक्यावर. तोच फोटो, बाळाकडे बघणाऱ्या सिस्टर. खाली लिहिलेलं, अनुभवी हातांची माया. पत्रकांवरही तोच. भाईंदरपासून काशीमिऱ्यापर्यंत पेपरांत घालून घरोघर वाटली ती पत्रकं.

लोक यायला लागले. फोटो बघून, पत्रक हातात घेऊन. या सिस्टर आहेत ना इथे? ये वाली सिस्टर चाहिए. माझ्या पहिल्या वेळेला तीच होती, माझ्या बहिणीच्या वेळेला तीच होती. मी मॅनेजरला विचारलं, काय सांगू? तो म्हणाला, सांगा, आज सुट्टीवर आहेत.

मी सांगितलं. सिस्टर सुट्टीवर आहेत. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. आठवड्याभरात सहज यायला लागलं. लोक म्हणायचे, बरं, मग डिलिव्हरीच्या वेळी तरी असतील ना? मी मान हलवायचे. होय आणि नाही यांच्या मधली एक मान असते, ती मी तिथे शिकले.

असे पाच महिने गेले. एका दुपारी चौकचं एक जोडपं आलं. बाई सात महिन्यांची. नवऱ्याच्या हातात पत्रक. त्याने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. सांगताना माझी नजर रजिस्टरवर होती. वर बघितलं, तर त्या दोघांच्या मागे सिस्टर उभ्या होत्या. ती बाई चौकला त्यांना भेटली होती, तुमच्याकडेच नाव घालतेय म्हणाली होती. सिस्टरांनी विचारलं होतं, माझ्याकडे म्हणजे कुठे? तेव्हा तिने पत्रक दाखवलं. त्या ते बघायला तिच्याबरोबर आल्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर, स्वतःच्या फोटोकडे. खूप वेळ बघितलं. मग त्या जोडप्याला शांतपणे म्हणाल्या, “मी सुट्टीवर नाही. मला काढलंय.”

 मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

साहेब लॉबीतून जात होते. सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, एक तर माझा फोटो काढा, नाहीतर मला ठेवा.”

लॉबी भरलेली होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, आंटी, केबिनमध्ये बोलू. त्या म्हणाल्या, इथेच बरं आहे. ते म्हणाले, तो तुमचा सन्मान आहे, आम्ही तुम्हाला मान दिलाय. सिस्टर म्हणाल्या, मला मान नको होता, वर्षभर आठवड्याचे चार दिवस आणि मग वर्षभर दोन दिवस हवे होते. साहेब म्हणाले की पत्रकं छापून झालीत, आता काही करता येणार नाही. आणि त्यांना फोन आला, की त्यांनी आल्यासारखं केलं, आणि ते लिफ्टकडे गेले.

सिस्टर काउंटरच्या आत आल्या. हात वर करून बघितला, फ्रेमला पोचत नव्हता. मी उठले. माझी फिरती खुर्ची भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी, गुडघा टेकून, घट्ट धरली. तिची चाकं पळू बघत होती. साठीला आलेली बाई चप्पल काढून तिच्यावर चढली, एक हात माझ्या डोक्यावर टेकवला आणि दुसऱ्याने फ्रेम खिळ्यावरून उचलली. त्या चौकच्या बाईच्या नवऱ्याने ती खालून झेलली. वॉचमन बघत होता, आला नाही. त्याच्या दोन्ही मुली सिस्टरांच्याच हातच्या.

फ्रेम काखेत घेऊन त्या दारातून बाहेर पडल्या आणि ते जोडपं त्यांच्या मागे.

मला मेमो मिळाला. मी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही सोडली. मुलीची शाळा होती, घराचे हप्ते होते, आणि बाकी जी कारणं असतात ती होती. फोटो पुन्हा लागला नाही एवढं खरं. तिथे कारंज्यासारखंच शोभेचं काहीतरी लावलं. पत्रकं मात्र संपेपर्यंत वाटली. आणि कुणी विचारलं की मी म्हणायचे, त्या आता इथे नाहीत. मॅनेजरने दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

त्या रविवारी मी पेणकरपाड्याला गेले. माफी मागायचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. सिस्टरांनी दार उघडलं, मला आत घेतलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या की तुला मुलगी आहे, मला माहीत आहे. मग चहा टाकला. पण चहा घेताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज तापलेला ऐकला. मला घरी बसायचं दुःख नाही, म्हणाल्या. “मला माझ्या जागेवरून उतरायचं होतं. पायरीपायरीने. त्यांनी जागाच काढून घेतली.”

तरी त्यांनी वेळापत्रक सोडलं नव्हतं. काढल्यानंतर दुसरं वर्ष संपेपर्यंत, आठवड्याचे चार दिवस, त्या चौक, उत्तन, पेणकरपाडा अशा फिरल्या. बाळंतिणींच्या घरी जायचं, दूध येत नाही तिला बसून शिकवायचं, नाळ नीट सुकतेय का बघायचं, ताप दिसला तर हाताला धरून दवाखान्यात न्यायचं. बाळंतपण मात्र घरी केलं नाही, कितीही विनवलं तरी. तिसऱ्या वर्षी दोन दिवस. बुधवार आणि शनिवार. बाकीच्या दिवशी बस, नाहीतर विहारातल्या वाचनालयात पेपर.

मग तिसरं वर्ष पुरं होण्याचा एक जून आला. मी मुद्दाम त्या दिवशी गेले. आम्ही बोलत बसलो असताना खालच्या बिल्डिंगमधला एक माणूस आला. लेकीचं बाळ सकाळपासून छातीला लागत नव्हतं. सिस्टरांनी सगळं विचारून घेतलं, आणि त्यांनी शिकवलेल्या तिसऱ्या मुलीचा नंबर कागदावर लिहून दिला. तिला बोलवा, ती माझ्याइतकीच जाणते, म्हणाल्या. तो गेला. सिस्टर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळले होते. मी म्हटलं, जाऊन आला असतात तर काय झालं असतं? म्हणाल्या, मग उद्याही जावं लागलं असतं. माझं मी ठरवलं होतं, तेवढं तरी माझ्या हातात राहू दे.

संध्याकाळपर्यंत तिथे बसले. बाळ दूध प्यायला लागल्याचा निरोप आला, तेव्हा त्या जेवायला उठल्या.

नंतर त्या गावी भाचीकडे गेल्या. अधूनमधून फोन यायचा. उचलला की अजूनही आधी विचारायच्या, मुलगी कितवीत? भाजीचा वाफा केला होता. झोप चांगली लागते म्हणायच्या. चार वर्षं अशी गेली. यजमानांना जी मिळाली नाहीत ती चार वर्षं त्यांनी मिळवली, स्वतः आखून. हे मी स्वतःला सांगते, आणि तरी राग जात नाही. कारण त्या तीन वर्षांतला उरलेला काळ त्यांना उन्हातान्हात, दारोदार, एकटीने पुरा करावा लागला. जिथे करायचा होता तिथे त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि एक रकाना सहज मावला असता.

मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयाकडे चाललेय. ऑफिसात एखाद्याने अर्धा वेळ काम मागितलं की लोक एकमेकांकडे कसे बघतात, ते तुम्हीही बघितलं असेल. पुढच्या वेळी असं कुणाला बघताना पाहिलं, तर मी गप्प बसणार नाही. एवढं एक ठरवलंय.

सिस्टर गेल्या तेव्हा भाचीने मला फोन केला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पेणकरपाड्याच्या विहारात ठेवला होता, कारण त्यांची माणसं इथे होती. मी लवकर गेले, सतरंज्या घालायला. चौकच्या बायका टेम्पो करून आल्या. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. शाळेतली पोरं गणवेशातच आणली होती, त्यांना दाखवून एकमेकींना सांगत होत्या, हा सिस्टरच्या हातचा, ही सिस्टरच्या हातची. नयानगरहून तिघी आल्या, दाराशी थबकल्या, मग आत येऊन बसल्या. सिस्टरांनी तयार केलेल्या तिघी मुली ड्युटीच्या मधून आल्या होत्या, युनिफॉर्ममध्येच. हॉल भरला, मग जिना भरला.

बुद्धवंदना सुरू व्हायच्या जरा आधी एक ड्रायव्हर आला. त्याच्या हातात मोठं पुष्पचक्र होतं, पांढऱ्या शेवंतीचं, आणि आडव्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत हॉस्पिटलचं नाव. सिस्टरांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. भाची गावाहून आलेली, तिला काही माहीत नव्हतं. तिने मला विचारलं, ताई, हे कुठे ठेवू?

मी ते तिच्या हातातून घेतलं. जिन्यातली माणसं बाजूला झाली. खाली उतरले आणि दाराबाहेर, जिथे सगळ्यांच्या चपला होत्या, तिथे भिंतीला टेकवून ठेवलं. मग वर आले आणि युनिफॉर्ममधल्या त्या तिघींच्या शेजारी जाऊन बसले.